माझ्या पाठीवरचं 'नाळे बा'

मी फळा बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. मला राग आलाय.

जन्माने मी दरवाजा. चिकपेटच्या कापडबाजारातल्या एका बोळात रत्नाबाईंच्या घराला होतो. कडीचं भोक अजून माझ्या अंगात आहे. एका वर्षी अफवा उठली, की एक भूत घरच्यांच्या आवाजात दारावर हाक मारतं. मग दारोदारी कन्नडात लिहिलं गेलं, 'नाळे बा'. उद्या ये. भूत ते वाचून परत जायचं म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचायचं. रत्नाबाईंनीही माझ्यावर ऑइलपेंटने लिहून घेतलं. भुताला वाचता येत होतं. बोळातल्या निम्म्या पोरांना येत नव्हतं, पण त्याची कुणाला भीती वाटली नाही.

घर पाडलं तेव्हा कस्तुरीने मला मागून घेतलं. शिंप्याची मुलगी, बोळातली पहिली पदवीधर. तिने आणि तिच्या धाकट्या भावाने, सुशांतने, मला डोक्यावरून आमच्या मराठी समाजाच्या हॉलमागच्या खोलीत नेलं. अक्षरांची बाजू भिंतीकडे केली, दुसरीला काळा रंग दिला.

तिथे कोण यायचं? गठ्ठे वाहणारी मुलं, साड्यांना फॉल लावणाऱ्या मुली. घरात मराठी, दुकानात कन्नड, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि एकाही भाषेत धड अर्ज लिहिता येत नाही. कस्तुरी माझ्यावर मराठी वाक्यं कन्नड लिपीत लिहायची. कळायचीही आणि वाचताही यायची. अपूर्णांक शिकवायला बोळातले शिंपी गळ्यातला टेप घेऊन यायचे. मुलांना पाचला सोडा, असं सांगत ती दुकानोदुकानी फिरायची.

दुकानदार म्हणायचे, "स्वल्प सीझन संपू दे, अक्का. नाळे बा."

ती दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन उभी राहायची. "काल म्हणालात उद्या ये. आले."

अशी अकरा जणं दहावी झाली.

घरचाच एक क्लासला बसला नाही. सुशांत. पाचवीत शाळा सोडलेला, डोकं लगेच तापणारा. ती रोज म्हणायची, "बस रे तूही." तो गठ्ठा उचलत हसायचा, "नाळे, अक्का." पाच वर्षं हसला.

यंदा परीक्षेच्या दिवसांत कस्तुरीला ताप भरला. सुशांत रिक्षा घेऊन आला.

"चल दवाखान्यात."

"आपल्या फॉलवाल्या अनुषाचा उद्या गणिताचा पेपर आहे. तेवढं होऊ दे. उद्या जाऊ."

"सरी," म्हणजे बरं, म्हणाला तो, आणि रिक्षा परत पाठवली.

जन्मभर कुणाचं 'उद्या' चालवून न घेणारी ती, स्वतःपुरतं मात्र उद्या म्हणाली! आणि हा! पन्नास किलोचा गठ्ठा घेऊन जिने चढतो, याला बहीण उचलून रिक्षात घालता आली नाही? दुसऱ्या दिवशी डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी ती गेली. मला त्याचा राग येतो. तिचाही येतो. हो, गेलेल्या माणसाचाही येतो.

निकाल लागला, अनुषाचं गणित राहिलं. ती फॉलचं काम टाकून हॉलवर आली, तेव्हा समाजाचे सेक्रेटरी पद्माकरअण्णा माझ्यावर कस्तुरीचा हार घातलेला फोटो टांगत होते.

"अण्णा, क्लास कधी? पुरवणी परीक्षा जवळ आलीय."

"थोर मुलगी होती गं. तिच्या नावाने काहीतरी करूच. पण खोली आता लग्नाच्या भांड्यांना लागते. सीझन संपू दे. नाळे बाम्मा."

सुशांत दारातच होता. त्याने फोटो उतरवून अनुषाच्या हातात दिला आणि मला खिळ्यांसकट उपटलं.

"अरे, समाजाचं सामान आहे ते!"

"सामान रत्नाबाईंचं. खिळे समाजाचे. ते घ्या."

बोळात आणून त्याने मला उलटं टेकवलं, आणि माझी पाठ त्याला दिसली. अक्षर अक्षर लावत त्याने वाचलं. ना. ळे. बा. सुताराकडून पटाशी आणली आणि 'नाळे' खरवडून काढलं. माझी सालं निघाली. दुखलं, पण काढ म्हटलं. 'बा' तेवढं ठेवलं.

"अनुषा, 'आज' सांग."

"इवत्तु. एवढंही येत नाही?"

"बोलता येतं गं! लिहायचं कसं?"

"आधी खाली बस, सुशांतण्णा."

तो बसला. पहिल्यांदा. खडूने चार वेळा चुकला, चार वेळा तिने पुसायला लावलं. पाचव्यांदा त्यावर रंग दिला.

आता मी बोळात एका बंद शटरला टेकून असतो. संध्याकाळी पाचला काळी बाजू पुढे, एरवी पाठ. शिंपी टेप घेऊन येतात, अपूर्णांक होतात, पण बीजगणितापाशी सगळे अडलेत. पुढच्या ओळीत अनुषा, तिच्या शेजारी सुशांत. परीक्षेला नऊ दिवस आहेत.

तुमच्यातले कितीतरी जण जे. पी. नगरच्या शिकलेल्या वस्तीतून इथे साड्या घ्यायला येतात. तुम्हाला बीजगणित येतं. 'छान काम आहे, कधीतरी येऊ' असं म्हणून माझा फोटो काढू नका. माझ्या पाठीवर आता लिहिलंय, 'इवत्तु बा'. आज ये.

भूत वाचून परत जायचं. तुम्ही वाचून या.