क्लचचं काम

सुधाकररावांची वॅगनआर पंधरा वर्षांत जेमतेम चोवीस हजार किलोमीटर चालली होती, आणि बुलडाण्यातल्या त्यांच्या गल्लीत ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. रोज सकाळी ते गाडीचं कव्हर काढत, फडकं मारत, पुन्हा कव्हर घालत आणि पिशवी घेऊन पायी भाजीला जात. कचेरीत हेडक्लार्क होते तेव्हापासूनचा हा नेम.

नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली, तशी पुण्याहून त्यांची मुलगी गार्गी मागे लागली, "बाबा, विकून टाका आता. चालवता तरी कुठं?" त्यांचं मन होत नव्हतं. बायकोला विचारलं, तर सुलभाबाई म्हणाल्या, "तुमची गाडी. तुम्हीच ठरवा."

शेवटी ओळखीतून निरोप गेला आणि रविवारी हिवरा आश्रम गावाहून एक जोडपं गाडी बघायला आलं. प्रसेनजित आणि निशिगंधा, दोघंही शिक्षक. प्रसेनजितनं बॉनेट उघडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारली. गाडी त्याला आवडल्याचं तोंडावर दिसत होतं.

"काका, उभ्या गाडीलाही दुखणी लागतात. काही मोठं काम निघालं होतं का कधी?"

"नाव नाही!" सुधाकरराव म्हणाले. "पोरासारखी जपली गाडी."

सुलभाबाई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येत होत्या. "असं कसं म्हणता? माझी आई गेली तवा क्लचचं काम नव्हतं का निघालं? आठ दिवस गॅरेजात होती गाडी." मग निशिगंधाकडे वळून म्हणाल्या, "लपवून काऊन ठेवायचं बाई? उद्या तुमाले रस्त्यात तरास व्हायचा."

सुधाकररावांच्या हातातली किल्ली जागच्या जागी राहिली.

"हाव... होतं किरकोळ," ते म्हणाले.

प्रसेनजित सर्व्हिसचं पुस्तक चाळू लागला. "यात नोंद नाही काका. कोणत्या गॅरेजात केलं?"

"बाहेर केलं होतं. आता ध्यानात नाही."

प्रसेनजित-निशिगंधानं एकमेकांकडे पाहिलं. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि "विचार करून कळवतो" म्हणून उठले.

ती दोघं गेल्यावर सुलभाबाई बशा गोळा करता करता थबकल्या. "माह्यं चुकलं का हो? मी बोलायले नको होतं का?"

त्यांनी रागानं विचारलं असतं तर सुधाकररावांनी निभावून नेलं असतं. पण त्या अपराध्यासारख्या उभ्या होत्या. सुधाकररावांना त्यांच्याकडे बघवेना.

क्लच कधी बिघडलाच नव्हता. बारा-तेरा वर्षांपूर्वीची ती सकाळ. साहेबांच्या मुलाचा चिखलीला साखरपुडा होता, आणि पाहुणे न्यायला आपली गाडी देतो असं सुधाकररावांनी चार लोकांसमोर सांगून ठेवलं होतं. गाडी धुवायला देऊन ते घरी आले, तर सुलभाबाई हातात फोन धरून दारात उभ्या. सोनाळ्याहून भावाचा फोन होता. आई गेली. "गाडी काढा," एवढंच त्या म्हणाल्या. आणि सुधाकररावांच्या तोंडून निघून गेलं, "क्लचचं काम निघालं. गॅरेजात हाय." त्यांनीच बायकोला खामगावच्या एसटीत बसवून दिलं. पुढं शेगाव, मग वरवट बकाल, मग काळी-पिवळी जीप. आणि मग खोटं उघडं पडू नये म्हणून आठ दिवस गाडी कचेरीतल्या शंकररावांच्या घरामागं लावून ठेवली. तिसऱ्या दिवशी स्वतः सोनाळ्याला गेले, तेही एसटीनं.

"तुहं नाही चुकलं," ते म्हणाले. "क्लचचं काम झालंच नव्हतं." आणि मग साहेब, साखरपुडा, शंकररावांचं घर, सगळं त्यांनी सांगितलं. सांगताना खाली फरशीकडे बघत होते.

सुलभाबाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "दादानं चारपर्यंत आईले उचलू दिलं नाही माह्यासाठी. मी पोचले साडेचारले." मग त्यांनी विचारलं, "गाडीनं कितीक वाजता पोचलो असतो?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. रस्ता खराब होता, पाऊस होता, असं काहीही सांगता आलं असतं.

"बारापर्यंत," सुधाकरराव म्हणाले.

सुलभाबाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत. सुधाकररावांना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"आपण गाडी विकूच नाही," ते घाईनं म्हणाले. "उद्याच सोनाळ्याले जाऊ. तू म्हणशीन तिथं नेतो."

"आता कोणासाठी जायचं?" त्या उठल्या. "त्या पोरीले फोन करा. गाडी चांगली हाय. माह्या बोलण्यानं तिच्या हातची जायले नको."

"काय सांगू?"

"मले सांगतलं तेच."

फोन निशिगंधानंच उचलला. क्लच मूळचाच आहे, गाडीचं काहीही काम झालेलं नाही, सासू वारली त्या दिवशी मी बायकोशी खोटं बोललो होतो. वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. सुलभाबाई शेवटपर्यंत शेजारी उभ्या होत्या. निशिगंधा म्हणाली, "बरं काका. यांना सांगते." काकूंचं तिनं काही विचारलं नाही, आणि तेच सुधाकररावांना जास्त लागलं.

पुढच्या रविवारी ती दोघं गाडी न्यायला आली. निशिगंधा सुलभाबाईंच्या पाया पडली. सुधाकररावांना तिनं दुरूनच हात जोडले. "काकू, चला, एक चक्कर मारून येऊ," ती म्हणाली आणि स्वतः स्टेअरिंगवर बसली. सुलभाबाई चपला घालून तिच्या शेजारी बसल्या. प्रसेनजित मागं बसला. सुधाकररावांना कोणी या म्हटलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

ते फाटकापाशी उभे राहिले. समोरचे दीपक गुरुजी ओट्यावरून म्हणाले, "काय सुधाकरराव, दिली का शेवटी? तुमच्यासारखी गाडी कोणी जपली नाही बुवा!"

एरवी या वाक्यावर ते पाऊण तास बोलले असते. आज त्यांनी मान खाली घातली आणि फाटकाची कडी उगाच काढली, लावली.

अर्ध्या तासानं गाडी आली. सुलभाबाई उतरल्या, निशिगंधाच्या गालावरून हात फिरवला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथंच थांबल्या.

"कुठपर्यंत गेले होते तुम्ही?" सुधाकररावांनी हळूच विचारलं.

"लांब," सुलभाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.