जर्सीवरचे भाऊराव

"आई, बाबांच्या आयकार्डावर खोब्रागडे आहे. मग माझ्या जर्सीवर भाऊराव कसं काय?"

समताने हे विचारलं तेव्हा शीलाच्या हातात सोऱ्या होता आणि कढईतलं तेल तापलेलं होतं. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली असताना चकल्यांच्या वेळी तिला कोणी काही विचारत नसे, साधं 'चहा ठेवू का' सुद्धा नाही. पण खुशी आणि मैत्रेयीने मधल्या सुट्टीत पैज लावली होती, आणि समताने आजवर पैज सोडलेली नव्हती.

गेल्याच महिन्यात ती शाळेच्या खो-खो संघाची कप्तान झाली होती. तेव्हापासून ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची आणि सरांशी बोलताना चपलांकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघायची. संघाच्या नव्या जर्सी आल्या, प्रत्येकीच्या पाठीवर आडनाव. समताच्या पाठीवर वडिलांचं नाव, कारण शाळेच्या रजिस्टरात ती पहिलीपासून 'समता भाऊराव' एवढीच होती. खुशी पोट धरून हसली.

"यार, मैदान में तू उतरेगी या अंकल?"

मैत्रेयी मूळची पुण्याची. ती हसली नाही, तिला खरंच प्रश्न पडला. "पण मराठी लोकांना आडनाव असतंच ना गं? काकूंना विचार. हिंमत आहे?"

हिंमत काढल्यावर काय, संपलंच.

"इकडच्या लोकांना म्हणता येत नाही," शीला म्हणाली आणि तेलात चकली सोडली. "बाबांना कारखान्यात 'खोबरा जी' म्हणतात, ऐकलंयस ना? तुला शाळेत काय म्हणाले असते? बाजूला सर. तेल उडेल."

हे उत्तर समताला तोंडपाठ होतं. मैत्रेयीला सांगायला पुरेसंही होतं. पण तिच्या दप्तरात नववीच्या बोर्डाच्या नोंदणीचा फॉर्म होता, आणि मॅडमनी वर्गात बजावून सांगितलं होतं की आता जे नाव जाईल तेच दहावीच्या सर्टिफिकेटवर येईल, नंतर बदलायचं म्हटलं तर चपला झिजतील. फॉर्म सोमवारी द्यायचा होता. आज शुक्रवार.

भाऊरावांची भंडाऱ्याहून मुरादनगरला बदली झाली तेव्हा समता चार वर्षांची होती. सरकारी कारखाना, कारखान्याची वसाहत, बाहेर एक लांबट बाजार आणि त्यातून धावणारा मेरठ रोड, एवढं ते गाव. पहिली दोन वर्षं शीलाने घर सांभाळलं आणि बायकांशी मोडकं हिंदी बोलली. मग शेजारणीला एक डबा चकल्या दिल्या, शेजारणीने आणखी मागितल्या, आणि बघता बघता 'शीलाताईंचा फराळ' सुरू झाला. आता रॅपिड रेलमध्ये दोन पिशव्या घेऊन ती गाझियाबादच्या सोसायट्यांमध्ये डबे पोचवून येई. यंदाची सगळ्यात मोठी ऑर्डर तिथल्या मराठी मंडळाची होती, आणि ती मिळवून दिली होती मैत्रेयीच्या आईने, साधनाकाकूंनी.

रविवारी मात्र शीला गॅस पेटवत नसे. रविवारी ती वसाहतीबाहेरच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांचा अभ्यास घ्यायची आणि अभ्यास सुटला की बायकांचे फॉर्म भरून द्यायची. रेशन, वजीफा म्हणजे शिष्यवृत्ती, शाळाप्रवेश, काय वाट्टेल ते. 'शीला दीदी का भरा फॉर्म वापस नहीं आता,' असं वस्तीत म्हणत.

त्या रविवारी समता वह्या वाटायला सोबत गेली होती. राजबाला नावाची एक बाई मुलीच्या प्रवेशाचा कागद घेऊन आली.

"लिख दो दीदी, काजल. बस, काजल."

"पूरा नाम बोलो, राजबाला."

"रहने दो ना. आगे का पढ़ते ही मास्टरजी का मुँह बन जाता है."

"मुँह मास्टरजी का है, नाम तुम्हारी लड़की का. आधा लिखवाओगी तो उम्रभर समझाती फिरेगी कि वो कौन है. बोलो."

राजबालाने पूर्ण नाव सांगितलं. शीलाने ते एकेक अक्षर सुटं काढत, ठळक लिहिलं.

समताच्या हातातल्या वह्या हातातच राहिल्या. शीलाने मान वर केली, मुलीकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण नीट दाबून बसवलं.

परतताना ई-रिक्षात दोघीच होत्या. रिक्षा वसाहतीच्या भिंतीशी वळली तेव्हा समता आईकडे वळली.

"खोब्रागडे म्हणायला एवढं कठीण नाहीये, आई. खुशीला दोन मिनिटांत आलं."

"ठाऊक आहे."

"मग?"

शीलाने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "तू पहिलीत जायचीस त्या वर्षी पहिली मोठी ऑर्डर आली होती. गाझियाबादचीच एक सोसायटी, आपली मराठी माणसं. मी कौतुकाने डब्यांवर पूर्ण नाव छापून घेतलं. डबे पोचले. तिसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन, म्हणे घरोघरी पथ्य सांगितलंय, डबे घेऊन जा. बत्तीस घरांना एकाच दिवशी पथ्य."

"मग?"

"मग काय, बाबा आणि मी टेम्पो करून डबे परत आणले. विहारातल्या पोरांची दिवाळी जोरात झाली. त्याच आठवड्यात तुझा शाळेचा फॉर्म भरायचा होता."

"त्या बाई म्हणजे साधनाकाकू?"

"नाही गं बाप्पा, त्या तेव्हा पुण्यातच होत्या." शीला रस्त्याकडे बघत राहिली. "त्या तशा नसतीलही. पण असतील तर काय, ते मला बघायचं नव्हतं. अजूनही नाही."

घरी भाऊराव जेवायचे थांबले होते. फॉर्म टेबलावर होता, त्यावर चष्मा. बायको आणि मुलीचे चेहरे बघून त्यांना विषय कळला.

"मी तेव्हाच म्हणत होतो, शीला, पूर्ण लिही म्हणून."

"अहो, तुम्ही म्हणत होतात. फोन मी घेतला होता."

भाऊरावांनी चष्मा उचलला, पुसला आणि परत ठेवला. शीलाने ताटं घेतली.

"नोंदणीची यादी नोटीस बोर्डावर लागते," ती वरण वाढता वाढता समताला म्हणाली. "मैत्रेयी वाचणार, घरी सांगणार. मंडळाचे डबे अजून जायचेत. तू लहान आहेस, तुला वाटतं एक शब्द वाढेल फक्त. आणि ते नंतर तुझ्यामागे कॉलेजात येईल, नोकरीत येईल. मी नको म्हणत नाहीये. काय काय येईल ते सांगतेय."

"राजबालाला नाही सांगितलंस ते."

शीलाच्या हातातली पळी वाटीच्या काठावर थांबली. "तिला ते माझ्याआधी माहीत होतं," ती म्हणाली.

भाऊरावांनी भात कालवला आणि तसाच ठेवला.

समता ताटावरून उठली, हात धुतले, फ्रॉकलाच पुसले. फॉर्म पुढे ओढून उभ्याउभ्याच लिहिला, आईसारखं एकेक अक्षर सुटं काढत. रकाना शेवटी कमी पडला, तर 'डे' जरा बारीक काढला. मग कागद दोघांच्या ताटांच्या मधोमध ठेवला.

"आई, बाबा, मी पूर्ण नाव लिहिलंय. समता भाऊराव खोब्रागडे, पेनने लिहिलंय, त्यामुळे खोडायला जाऊ नका. आणि मैत्रेयीला ते नोटीस बोर्डावरून कळणार नाही. उद्या मधल्या सुट्टीत मीच सांगणार आहे, पथ्याच्या गोष्टीसकट. डब्यांवर काय छापायचं ते आई ठरवेल, त्यात मी पडणार नाही. तुम्ही दोघांनी इथे, खाली, सह्या करायच्यात."