सिराजचा दोर

सतरा वर्षं फौजेत काढली मी, हवालदार म्हणून निवृत्त झालो. मढी पुष्कळ उचलली. पण सिराजला उचलताना मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. आखातात नोकरीला होतो तेव्हाचं हे. अल खौद गावाच्या मागे वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीतल्या, गोट्यांत तो पडला होता. दोन्ही तळव्यांची कातडी दोराने सोलून निघाली होती. वर डोंगरावर आमचं हवेत उडणारं जहाज अजून जळत होतं आणि आत दोघे गोरे पायलट होते. त्यांच्यापर्यंत कुणाला जाता येईना.

अठ्ठ्याण्णव साल. ते जाहिरातीचं, फुग्याचं जहाज होतं, तीन मजली इमारतीएवढं. उतरायला आलं की सहा जणांनी सहा दोर धरून खाली ओढायचं. त्या सहा जणांचा मुकादम मी. पहिल्या दिवशीच दम दिलेला: मी ‘छोड’ म्हटल्याशिवाय दोर सोडायचा नाही. सोडलास तर पुढच्या विमानाने घरी!

त्या सकाळी वारा फिरला आणि जहाज उसळलं. पाच जणांनी हुकूम-बिकूम न बघता दोर टाकले. सिराज धरून राहिला. पाय जमिनीवरून सुटले तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलायचा होता मला. पण च्यायला, माझ्या डोक्यात जहाज! हा दोर सुटला तर जहाज गेलं, आणि जहाज गेलं तर माझी नोकरी गेली. तोंड उघडेपर्यंत तो खजुराच्या शेंड्याला पोचला होता. आता सोड म्हणून काय उपयोग? वादीवर त्याचे हात सुटले आणि जहाज पुढे डोंगरावर आपटलं.

पोलिसांनी विचारलं, हुकूम दिला होतास? मी म्हटलं, दिला, तीन वेळा. पाचही जणांनी माना डोलावल्या. आपण हुकमाआधीच पळालो, हे सांगायची छाती कुणाची होती? खलास. सगळा दोष सिराजच्या माथी.

दुपारी हॉस्पिटलात त्याचे वडील आले. हुसैनमियाँ, रत्नागिरीकडचे, इथेच हमरियात शिलाईचं दुकान. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर दफन ठरलं होतं. मला वाटलं, गळ्यात पडून रडतील. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं.

“हवालदारसाहेब, माझा पोरगा दुसऱ्या हाकेची वाट नाय बघायचा. तुम्ही तीनदा ओरडलात, नि त्याने सोडला नाय?”

“वारा होता. ऐकू गेलं नसेल.”

“बाकी पाचांना गेलं.”

मी दारातल्या पोलिसाकडे बघितलं.

“काल मी त्याला नको नको ते बोललो. त्याला समरीनशी लगीन करायचं होतं. मी म्हटलं, माझी मयत झाल्यावर कर. म्हणजे त्यानं मुद्दाम धरून ठेवला. माझ्यापायी जीव दिला त्यानं. खुदकुशी करणाऱ्याच्या जनाज्याची नमाज इमामसाहेब पढवतील काय? त्यांच्याशी खोटं बोलून पोराला मातीत कसा घालू?”

म्हणावंसं वाटलं, अहो, तुमचा पोरगा फक्त माझं ऐकत होता! स्वतःची किळस आली मला. पण दारात पोलीस उभा होता, आणि गावाला मंगला, माझी बायको, दोन लेकरं घेऊन माझ्या जिवावर बसली होती.

हुसैनमियाँनी माझे दोन्ही हात धरले. “एकदाच सांगा, साहेब. तुम्ही म्हणाल ते मी मानीन. खरंच ओरडला होतात?”

“होय,” मी म्हटलं.

त्यांनी माझे हात सोडले आणि ते इमामसाहेबांना सांगायला गेले.