रंग पुसलेले मथळे

डिचोलीच्या वाचनालयाबाहेरचा फळा एकोणीस वर्षं जयराम मास्तरांच्या ताब्यात होता. म्हापशाच्या पहिल्या बसने इंग्रजी पेपर आला की मास्तर त्यातले मथळे खडूने मराठीत लिहीत आणि बाजार ते वाचूनच कामाला लागे. इंग्रजी मथळा म्हणजे तोंड रंगवलेला दशावतारी, रंग पुसला की खाली ओळखीचाच माणूस निघतो, असं त्यांचं ठाम मत. पेपराने मंत्र्याला भाजून काढलेलं असलं तरी मास्तर लिहीत, 'मंत्र्यांवर टीका'. या शहाणपणाचा त्यांना कोण अभिमान होता.

साल शहाऐंशी. कोकणी की मराठी या वादापायी शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. त्या सकाळी फळ्यावर मास्तरांनी लिहिलं, 'सीमेपलीकडच्या लोकांबद्दल नाराजी'. दुपारी वाचनालयाचा चिटणीस दत्ताराम, कट्टर मराठीवाला, तोच पेपर नाचवत आला. त्याने मथळ्याचा शब्दन् शब्द पुतण्याकडून लावून घेतला होता: पलीकडचे उंदीर गोवा कुरतडताहेत. आम्हा मराठीवाल्यांना दिलेली शिवी तू गिळलीस, कोणाचं मीठ खातोस, असं तो भर बाजारात विचारू लागला. मास्तरही भडकले. उंदीर हा नुसता अलंकार, अर्थ मी लिहिलाय, तुझ्या डोक्यात शिरत नसेल तर माझा इलाज नाही, म्हणाले. गर्दी वाढली. कोणीतरी फळा पुसायचा फडका त्यांच्या तोंडावर भिरकावला. याच्याकडून फळा काढून घ्या, असा गलका उठला. मास्तर खडू सोडेनात.

बाबली गर्दीतून पुढे आला. सीमेपलीकडच्या दोडामार्गाचा, खाणीवर ट्रक चालवणारा. मथळ्यातला उंदीर तोच. आता हा हात उचलणार, असं सगळ्यांना वाटलं.

"उंदीर म्हणांदेत," तो शांतपणे म्हणाला. "माझो भाव निवृत्ती आणि दोघे खाणीत गेले, त्या दिसाचो मथळो सांगा."

त्या दिवशी मास्तरांनी लिहिलं होतं, 'दरड कोसळून तिघे मृत'. बाबलीने ते घरी आईला जसंच्या तसं सांगितलं होतं. दैवाने नेलं म्हणत म्हातारीने खाणवाल्यांच्या 'तक्रार नाही' अशा कागदावर मुकाट अंगठा दिला होता.

मास्तरांना मूळ मथळा लख्ख आठवला. आठवत नाही म्हणून सांगावं, असं क्षणभर मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस वाटली.

"लोभाने तिघांना पुरलं," ते म्हणाले.

दत्ताराम पेपराची घडी घालत बसला. बाबलीने खडूसाठी हात पुढे केला आणि मास्तरांनी खडू त्याच्या तळहातावर ठेवला.