कुंपणापलीकडचा चितरा घेवडा

आमच्या गावात बायकांना नावानं कुणी हाक मारत नाही, माहेरच्या गावानं मारतात. हादोंगवाली आणि कुर्येवाली या शेजारणी. मधे बांबूचं कुंपण, त्यावर हादोंगवालीचा चितरा घेवडा. लग्न होऊन येताना तिनं तो बोचक्यात बांधून आणलेला. पन्नास वर्षांत त्याचा एक दाणा तिनं कुणाला दिला नाही. कुणी मागितलाच तर वाटीभर शिजवून द्यायची. शिजलेला दाणा उगवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

सात वर्षांपूर्वी पलीकडे लोंबणाऱ्या शेंगा कमी भरल्या. तिनं त्या मोजलेल्याच होत्या.

"कुर्येवाले, शेंगा चोरल्यास!"

"तुझा घेवडा माझ्या परसात दिसला तर जीभ कापून देईन!"

तेव्हापासून अबोला. कुर्येवाली त्यानंतर परसात कुणाला पाऊल टाकू देईना, एवढं मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

हादोंगवालीचं बियाणं आजवर वाळक्या भोपळ्यात असे. यंदा मुलानं किमचीचं लोणचं ठेवायचा फ्रीज घेऊन दिला. थंडाव्यात कीड लागायची नाही म्हणून म्हातारीनं ते बाटलीत भरून त्यात ठेवलं, खायच्या कडधान्यांच्या बाटल्यांशेजारी. गेल्या हंगामात रानडुकरांनी वेल उपटले होते. होतं नव्हतं ते त्या एका बाटलीत. पेरणीच्या तोंडावर सोलहून सून आली, मिरान. तिनं मोठ्या हौसेनं घेवड्याचा भात केला.

म्हातारीनं पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"मिरान, बाटलीत किती उरलेत गं?"

"सगळे घातले, आई. तुम्हाला आवडतात ना?"

"आवडतात."

प्रकार कळल्यावर सून रडायलाच लागली.

"रडू नको. स्वयंपाकघरात बियाणं ठेवणारी मी शहाणी!" असं म्हणून म्हातारीनं भाताचा वाडगा भरला आणि कुंपण गाठलं. मी समोरच्या माझ्या अंगणात लसूण सोलत होते. कान अर्थातच तिकडे.

"कुर्येवाले, बियाण्याचा भात झालाय. एक दाणा उरला नाही."

"अरेरे."

"तू शेंगा चोरल्या होत्यास ना?"

"नाही."

"नीट आठव."

"सगळ्या गावासमोर शपथ घेतलीय मी."

"अगं, हात जोडते! एकदा तरी चोरल्या म्हण!"

कुर्येवाली वाडग्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि सोजू दारूची रिकामी झालेली हिरवी बाटली घेऊन आली. गळ्यापर्यंत चितरे दाणे.

"चोरल्या नाहीत. माझ्या बाजूला पडल्या होत्या, त्या उचलल्या."

"पडल्याच असतील," हादोंगवाली लगेच म्हणाली. "त्या वर्षी वारा फार होता."

तिनं निम्मे दाणे ओच्यात घेतले आणि बाटली परत केली.

"सगळे ने की. तुझेच आहेत."

"नको, तुझ्याकडे असू देत. सून चुसोकच्या सुगीच्या सणाला परत येणार आहे."

कुर्येवाली जरा घुटमळली. "आणि माझी जीभ?"

"राहू दे," हादोंगवालीनं वाडगा पुढे सरकवला. "भात खायला लागेल."