अकरा मण्यांचा सोडियम

मी सोडियमचा अणू. खराखुरा असतो तर तुम्हाला दिसलोच नसतो! मी म्हणजे थोडं लाकूड, तार आणि अकरा निळे मणी. शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात राहतो.

एकाच आठवड्यात माझे तीन जन्म झाले. मोठ्या सरांनी प्रयोगशाळेच्या काकांकडून एक लाकडी गोळा करून घेतला आणि वर्गाला सांगितलं, "पूर्वी वाटायचं, अणू असा भरीव असतो, त्याचे तुकडे होत नाहीत." दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनच्या शोधाचा धडा होता. काकांनी मला भोकं पाडून मणी बसवले. मी बियांच्या कलिंगडासारखा दिसू लागलो. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "काका, मणी काढा. जड भाग मधोमध असतो, इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती."

"सर, एकदाच काय ते ठरवा की!"

"शास्त्रज्ञांनाच शंभरेक वर्षं लागली, काका."

काकांनी मला तासून गोटीएवढं केलं. भोवती तारेची तीन कडी बसवली. आतल्या कड्यात दोन मणी, मधल्यात आठ, बाहेरच्यात एक. त्यानंतर बावीस वर्षं मी तसाच. काका मला मऊ ब्रशने पुसायचे आणि कौतुकाने "माझा सोडियम" म्हणायचे.

या वर्षी विज्ञानाला नव्या बाई आल्या. मला पाहून सहज म्हणाल्या, "काका, इलेक्ट्रॉन असे ठरलेल्या वाटेनं फिरत नाहीत हो. ते कुठे सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं. ढगासारखं असतं ते."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे बावीस वर्षं मी पोरांना चुकीचं दाखवलं?" त्यांनी पक्कड उचलली आणि माझं बाहेरचं कडं पकडलं. माझा जीव टांगणीला लागला.

बाईंनी चटकन त्यांचा हात धरला. "अहो, मीही शाळेत हेच शिकले, म्हणून तर पुढचं कळलं. मोडू नका. याच्या शेजारी एक ढग करून द्या."

"आता अणूला कापसाची गादी करू?"

"करा की. आणि हा जुना अणू वर्गात तुम्हीच दाखवायचा."

"मी? माझं कोण ऐकणार!"

पण काका वर्गासमोर उभे राहिले. त्यांनी मला उंच धरलं, तसे माझे मणी किणकिणले. "हे मी केलंय," ते म्हणाले. "यात काय चुकलंय, सांगा."

काकांना दुखवायचं कोणी?

शेवटी काकांनीच कड्यावर बोट ठेवलं. "ही वाट. अशी वाटच नसते."

मग मात्र भराभर हात वर झाले. "काका, मधला गोळा फारच मोठा आहे!" "काका, अणू असा सपाट नसतो!"

प्रत्येक चुकीला काका "शाब्बास!" म्हणत होते.

तुम्हीही या. माझ्यात जी चूक सापडेल ती काकांना सांगा. फक्त जरा मोठ्यानं सांगा, हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.