सरकणारं स्टेशन

मी शिंपीकाकांचा रेडिओ बोलतोय. जरा दम धरा. पोटातल्या काचेच्या नळ्या, म्हणजे माझे व्हॉल्व्ह, तापल्याशिवाय मला कंठ फुटत नाही. बटण दाबलं की लगेच बडबड, हे आमच्या घराण्यात नाही.

माझं तारुण्य काकांच्या शिलाईच्या दुकानात गेलं. त्यांचे पाय मशीनवर, तोंड गिऱ्हाइकाकडे आणि कान माझ्याकडे. बातम्या लागल्या की माप द्यायला आलेला माणूस हात पसरून तसाच उभा. चिंध्यांची धूळ नाकातोंडात जायची, पण मान होता.

पुढे ट्रान्झिस्टर आला, मग मोबाइल, आणि माझी रवानगी घरातल्या कपाटावर झाली. उंदरांनी माझ्या पोटात संसार थाटला. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला. काकांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला.

"अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले या हाताने. आता चेंडू दाबत बसू?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

हात हलवला नाही तर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी लेकीला बजावलं होतं. ती समजावून थकली. बाबांचा वेळ तरी जावा म्हणून तिने मला खाली काढलं आणि दुरुस्तीला नेलं.

मेकॅनिक स्वतःवर बेहद्द खूश असलेला गृहस्थ, पण कामाला चोख. त्याने उंदरांचं घरटं उपसलं, कुरतडलेल्या वायरी बदलल्या, दोन व्हॉल्व्ह नवे बसवले. थेट विजेला न जोडता मध्ये एक बल्ब लावून त्याने मला जपून वीज दिली, आजाऱ्याला चमच्याने पाणी पाजावं तशी. मी खरखरलो आणि बोललो. इतका आनंद मला नवा असतानाही झाला नव्हता.

एक खोड मात्र उरली. तापलो की माझं स्टेशन हळूहळू सरकतं आणि बटण पुन्हा किंचित फिरवावं लागतं. त्यासाठीचा भाग मिळायला आठवडा लागणार होता. लेक म्हणाली, "तोवर असाच नेते."

प्लग पलंगाच्या उजवीकडे, म्हणून मीही उजवीकडे. गाणं ऐन रंगात आलं आणि मी सरकलो. काकांनी लेकीला हाका मारल्या. ती स्वयंपाकघरात होती. मग त्यांनी मला एक शिवी हासडली आणि उजवा हात उचलला. बोटं थरथरत होती, बटणावरून घसरत होती. शेवटी जमलं. गाणं परत लागलं. लेक दारात उभी राहून बघत होती.

तेव्हापासून दिवसभर हेच चाललं. आठवड्याने मेकॅनिक तो भाग घेऊन आला, तेव्हा लेकीने त्याला जिन्यातच गाठलं.

"दादा, तेवढं राहू द्या."

"अहो ताई, माझ्या हातचा रेडिओ सरकतो म्हटल्यावर माझं नाक कापलं जाईल."

"तो सरकतो म्हणून बाबा हात हलवतात."

त्याने भाग खिशात टाकला आणि आत आला. काकांनी त्याला फैलावरच घेतलं. "कसली रे दुरुस्ती ही? धड एका जागी थांबत नाही. सारखं मलाच बघावं लागतं."

मेकॅनिक माझ्याकडे बघत म्हणाला, "जुनं धूड आहे काका. याहून जास्त मला नाही जमायचं."

म्हणून माझी एवढीच विनंती आहे, मला पुरता बरा करू नका. काकांची बोटं पुन्हा सुईत दोरा ओवतील, त्या दिवशी खुशाल बसवा तो भाग. तोवर त्यांच्या शिव्या खायला मी तयार आहे.